नांगर

डेटा दीडशे एमबी उरला होता
आणि कप्तान रेन्शीचं जहाज
भाग दोनशे बारामधी धुक्यात अडकलं होतं.
खालची इंग्रजी अक्षरं पळायची,
मी मुंजाला मराठीत सांगायचे:
"नांगर वर येईना. मुळं फुटलीत त्याला."

"जहाजाला नांगर?" मुंजा उठून बसला.
"मग बैल कुठंयत?"

आता ह्याला काय सांगावं.
सेलूच्या मोंढ्यामागं आमचं वेल्डिंगचं दुकान.
त्यानं पाहिलेत ते पप्पांनी जोडलेले,
लाल ऑक्साइड फासलेले,
ट्रॅक्टरमागं जाणारे.
समुद्र त्यानं पाहिला तो ह्याच फोनवर,
काचेला तडा गेलेला.

साखळीवर पालवी चढत होती.
रेन्शी म्हणाली, तोडा.
जहाजावरचा लोहार म्हणाला, मी घडवलाय, मीच बघतो,
आणि हातोडा दातात धरून
पाण्यात

तिथंच गोल गोल फिरायला लागलं.

रिचार्ज उद्या म्हणता म्हणता तीन दिवस गेले.
मुंजा म्हणाला, लोहार किती वेळ दम धरतो गं?
मी म्हटलं, पप्पाला विचार.
पप्पांनी डोळ्यावरची काच वर केली:
"काम होईस्तोवर."

सकाळी अंगणात बाजेच्या पायाला साखळी,
साखळीच्या दुसऱ्या टोकाला
गिऱ्हाइकाचा नवा पलटी नांगर.
वर मुंजा, गोधडीत, गाढ.
वारं नव्हतं. पान हलत नव्हतं.

गिऱ्हाईक ट्रॅक्टर घेऊन दारात.
पप्पांनी साखळी पाहिली, माझ्याकडं पाहिलं,
म्हणाले, बसा. चहा होऊ द्या.
पोरगं उठलं की देतो.