अर्ध्या तासाच्या आतलं

सलालाहच्या देवळात, शुक्रवारच्या मिस्सानंतर,
फादर कुरियाकोस यांनी माझ्या हातात एक पातळ पुस्तक दिलं.
नीतीचे शब्द, चाळीसएक. हे तुमच्या भाषेत करा म्हणाले,
मराठी येणारी आम्ही अकरा माणसं, त्यांच्यासाठी.
मी इनास रुमाव, राहणार भुईगाव,
रायसूत बंदरावर एका ठेकेदाराचा टाइमकीपर.
माझं अक्षर चांगलं आहे.

महापाप सोपं गेलं. पश्चात्ताप घरचाच.
पापाचं निकट निमित्त, इथे थोडा थांबलो:
पुस्तकात दारू होती, पत्ते होते.
माझ्या टेबलावर निळा पेन आणि हजेरीवही.

मग आला शब्द, गुप्त भरपाई.
देणेकरी देत नाही, दाद मागायला दार नाही,
तर आपलं आहे तेवढंच गुपचूप उचलणं.
'तेवढंच' खाली कोणीतरी आधीच पेन्सिल ओढलेली.

त्याच आठवड्यात नरसय्याला गेटवर धरलं.
तांब्याच्या तारेचं भेंडोळं, भाताच्या गोणीत.
चार महिन्यांचा ओव्हरटाइम थकला होता त्याचा.
मला साक्षीला बोलावलं. मी खरं तेच सांगितलं.
रात्री पुस्तक समोर ठेवून मांडणी केली:
वहीत दोनशे बारा तास, तासाला सहाशे बैसे,
आणि तांबं एकशे छत्तीस रियालचं.
म्हणजे जवळजवळ नऊ रियाल जास्त.
नऊ रियालचा चोर, असं ठरवलं
आणि कूलरकडे पाठ करून झोपलो.
तो रविवारी विमानात. हैदराबाद, तिथून जगत्याल.

कुमसाराला फादर मल्याळी, मी सामवेदी,
मध्ये दोघांचं उसनं इंग्रजी.
दुसऱ्याची चप्पल घालून देवळात आल्यासारखं.
खरी साक्ष देऊन झोप का उडावी, ते काही सांगता येईना.
तीन 'नमो मरिया' मिळतील अशा बेताने गुडघे टेकले होते.
ते म्हणाले, त्याचे तास तुला माहीत आहेत ना?
मग पैसे पाठव.
तुझ्या खिशातून.

एक्स्चेंजची पावती घेऊन फोन लावला.
त्याची बायको, लच्चव्वा. कौन बोलता?
कंपनी से, मी म्हणालो.
(ह्यालाही पुस्तकात शब्द आहे, मनातली राखण.
अर्धं ओठांवर, उरलेलं देवाला माहीत.)
दो सौ बारा घंटे का पैसा.
ती गप्प. मागे कोंबड्या.
मग म्हणाली, ढाई सौ होता है साब.
रोज रात को वो फोन पे बोलता था,
मैं कैलेंडर पे लिखती थी.

अडतीस तास.
मॅनेजरवर राग आला, तो सोयीचा होता,
जेमतेम वही उघडेपर्यंत टिकला.
पानांवर त्याची सही कुठेच नाही. माझीच अक्षरं,
सुंदर, एका रांगेत: दोन तास. तीन तास. दोन तास.
अर्ध्या तासाच्या आतलं मी सोडत आलो होतो.
कुणी सांगितलं नव्हतं.
बेरीज सोपी जायची.

अडीचशे म्हणजे दीडशे रियाल.
तांबं चौदा रियालनी कमीच पडत होतं.
माणसाने स्वतःच्या घामातलं कमी उचललं
आणि त्याचं वजन करायला मी उभा.

शब्द झाले का, फादर विचारतात.
एक राहिलाय म्हणतो.
क्षुद्र बाब: इतकी लहान गोष्ट
की तिचं महापाप होत नाही.
पुढे अजून एक ओळ आहे, साचत गेली तर,
आणि तिथे पान उलटावं लागतं.

लच्चव्वाला म्हटलं, कॅलेंडरचा फोटो भेज दो.
रात्री अकराला आला, तिरका, बल्बच्या उजेडात.
खताच्या दुकानाचं कॅलेंडर, वर बैलजोडी,
दर चौकोनात दोन आकडे. पहिला माझ्या वहीतला.
दुसरा मोठा करून पाहतो:
वीस. पंधरा. पंचवीस. दहा. पंचवीस.
बोटाने सरकवत जातो. पंधरा. वीस.
अजून मार्चच चाललाय.