पल्लो

सियागंजात, मसाल्याच्या ठोक दुकानांच्या मागे,
जिथे मिरचीच्या पोत्यांनी गल्लीला कायम शिंका येत असतात,
तिथे तीन पायऱ्या उतरून जावं लागतं.
पाटीवर ‘शिकारपूर भोजनालय’,
खाली लहान अक्षरांत ‘हिंदुस्तानी व पाकिस्तानी खाना’.
त्यातला एक शब्द पासष्ट साली रंगवून झाकला,
एकाहत्तरला वरून आणखी एक हात मारला.
रंग स्वस्तातला होता.
दुपारी चारच्या उन्हात तो शब्द खालून वर येतो,
पाचला परत जातो.

आतलं कार्ड मात्र कुणी झाकलं नाही.
पट्टीने ओढलेली रेघ.
अलीकडे शेवभाजी, बाफले, आलू-मटर,
पलीकडे साई भाजी, सेयल रोटी, कोकी, कमळकाकडी
आणि सगळ्यात खाली, पल्लो.
सिंधू नदीतला मासा.
किंमत लिहिलेली नाही.

माझे वडील मिलमध्ये हजेरीबुकं सांभाळायचे.
पगाराच्या दिवशी मला इथे आणायचे
आणि बसण्याआधीच विचारायचे, ‘गेहीमलजी, पल्लो?’
गेहीमल गल्ल्यावरून दाराकडे बघायचे,
जणू मासा सायकलवरून यायचा होता.
‘आज नहीं आया.’
अकरा वर्षं. मग मिल बंद पडली.
मी बराच मोठा होईपर्यंत समजत होतो
की आमचंच नशीब वाईट,
आम्ही नेमके चुकीच्या दिवशी येतो.

आता गल्ल्यावर त्यांचा मुलगा टहलराम,
तोही बहात्तरचा.
शिकारपूर त्याने पाहिलेलं नाही.
मी तरी नीरेकाठचं आमचं गाव कुठे पाहिलंय?
आडनावात आहे तेवढंच.
पुण्यात लग्नाला गेलो की ‘इंदूरकडचे ना तुम्ही’ म्हणत
माझ्या ‘जाऊन राहिलो’ला पंगतीत हसतात.
मी श्रीखंड दोनदा मागून घेतो.

काल साई भाजी मागवली.
टहलराम उठून माझ्या टेबलाशी आला,
एरवी येत नाही.
खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा,
माझ्या तोंडाकडे बघत.
‘ठीक है?’
मग हळूच, आचाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून वाकून:
त्या तापात जिभेची चव गेली, ती आलीच नाही.
गोड कळतं, थोडं. बाकी नुसतं गरम आणि गार.
रोज अकराला चमचा तोंडात घालतो, मान हलवतो.
आचारी भिंडचा, नवा. त्याला वाटतं, मालक खूश आहेत.

मी दुसरा घास घेतला.
पालक होता. आंबटचुका होता. डाळ नीट घोटलेली.
वडिलांच्या बोटांना संध्याकाळपर्यंत जो वास राहायचा
तो नव्हता.
‘शेपू,’ मी म्हणालो. ‘सुवा. घातलाच नाहीये.’
म्हटलं आणि वाटलं, खोटं बोलायला हवं होतं.
पण त्याचा चेहरा असा उघडला
जसा महिनाभर हरवलेला किल्ल्यांचा जुडगा
मीच त्याच्या खिशातून काढून दाखवला.
आत जाऊन तो ओरडला, झारे आपटले.
शिव्या सिंधीत होत्या,
आचाऱ्याला कळल्या नसाव्यात.

बडीशेप. बिल. सुटे पैसे.
नातू नवं कार्ड छापायला टाकतोय, चकचकीत.
गल्ल्याच्या काचेखाली कच्ची प्रत:
शेवटची ओळ लाल पेनाने खोडलेली,
आणि समासात कापऱ्या अक्षरात, ‘रहने दो’.

पल्लोचं मी विचारलं नाही.
ज्याला मिठाचीही खात्री उरली नाही
त्याला माशाचं काय विचारायचं.
तीन पायऱ्या चढलो,
एक शिंक आली,
आणि मागून, गल्ल्यावरून, कुणीही न विचारता:
‘साहब, आज नहीं आया.’