एक्केचाळीस इंच

पाणी उतरल्यावर भिंतीवर जी तपकिरी रेघ राहिली
ती मी टेपनं मोजली.
एक्केचाळीस.
सवयच ती. दारात कुणी उभं राहिलं
तरी चेहऱ्याआधी खांद्याचं माप डोळ्यांत भरतं.

नदीचं माप फुटांत सांगतात.
बंधाऱ्यावर एकोणचाळीस म्हणजे इशारा,
त्रेचाळीस म्हणजे धोका,
आणि त्यापुढं दुधाळीतली पोरं
हवा भरलेल्या ट्यूबा शोधायला लागतात.
माझ्या खोलीला इंच पुरतात.

यंदा मे महिन्यातच मनावर घेतलं.
उद्यमनगरातल्या बाबू लोहारानं
अँगलची मांडणी करून दिली,
पैसे निम्मे, निम्म्यात त्याच्या सुनेचे चार ब्लाऊज.
पहिली फळी बेचाळिसावर ठोक म्हटलं.
एवढ्या वर? वयनी, हात पोचणार कसा?
म्हटलं, पाण्याचा पोचला नाही म्हंजे झालं.

जमिनीवर मशीनचा लोखंडी सांगाडा.
तो भिजला तर भिजू दे, गंज पुसता येतो.
डोकं दोन स्क्रूंत सुटतं.
मागच्या खेपेला अनघानं ते जिन्यानं वर नेलं
टॉवेलात गुंडाळून,
मान सावरत.

रेघेखाली चिंध्यांची पोती:
धोतरं, परकरांचे घेर, विटलेले पडदे,
वाकळेच्या पोटात जाणारं सगळं.
ते कधीही धुता येतं.
तसंही ते दिसण्यासाठी नाहीच.

रेघेच्या वर कात्र्या.
मोठीनं कुणी कागद कापला
तर त्या दिवशी चूल बंद.
बॉबिनी श्रीखंडाच्या डब्यात.
बटणं काकवीच्या बरणीत,
चार वेळा घासली तरी काळी बटणं
अजून बोटाला जराशी धरून बसतात.
खुणेला साबणाच्या चिपा, सुकवून, काडेपेटीत.
रिळांना खिळे मारले. रंगानं लावायला गेले,
लालशेजारी लाल, पोपटीशेजारी हिरवा,
पाच मिनिटांत सोडून दिलं.
रोजचा पांढरा हाताशी,
लग्नसराईचा वर, बस्स.

सगळ्यात वरची फळी बहात्तरावर.
ती रिकामी ठेवायची, मशीनच्या डोक्यासाठी,
असं ठरलं होतं.

तिथं एक पिशवी आहे.

पुराच्या आधल्या आठवड्यात एक माणूस आला होता.
आईच्या अकरा साड्या.
दोन वाकळा करा म्हणाला, एक मला, एक बहिणीला,
मापात एका बोटाचाही फरक नको.
सावर्डेकर म्हणाला. नंबर मी वहीत लिहिला.
वही भिजली.

साड्याही भिजल्या.
तीन पाण्यांतनं काढल्या, गच्चीवर वाळवल्या,
चिखल गेला, नदीचा वास गेला,
आणि त्या बाईचाही गेला असणार.
हे त्याला सांगायला लागेल.
कसं सांगायचं, तेवढं ठरत नाही.

अनघा म्हणते, शिवून तरी ठेव.
मी घडी उलगडते, पुन्हा घालते.
अकराचे दोन सारखे होत नाहीत.
अकरावी, जांभळ्या काठाची, ती मधोमध फाडायला लागणार.
पदर कुणाला आणि निऱ्यांची बाजू कुणाला?

शेवटी टेप घेतली.
डोकं सतरा इंच, फळी चोवीस.
पिशवी हातानं दाबली की सात.
बसतात दोन्ही,
वर बोटभरही जागा उरत नाही.

नवी वही घातली आहे, प्लॅस्टिकच्या वेष्टणात.
पहिल्या पानावर नंबर नाही, पत्ता नाही.
जे आठवलं तेवढं लिहिलं:
सावर्डेकर.
खांदा साडेसतरा.
डावा किंचित खाली.