मागची विंडोज

मिसेस गिलक्रिस्ट म्हणाल्या, सगळं नवं घातलंस ना,
मग जागा गेली कुठे?
तसं त्यांचं बरोबर होतं.
एकशे अठ्ठावीस जीबीची इवलीशी डिस्क.
काल दुपारी इथेच, ब्रॉटी फेरीच्या या स्वयंपाकघरात,
मी तिच्यावर नवी सिस्टिम चढवली,
आणि आज सी ड्राइव्हची पट्टी लालभडक,
उरलेत तीन जीबी.
घराला रंग देऊन झाला
आणि सामान अजून जिन्यातच, तसं काहीसं.

टेबलावर दुधाळ, बिनसाखरेचा चहा.
बाहेर टे नदी ओहोटीला लागलेली.
आधी रिसायकल बिन रिकामा केला. मग तात्पुरत्या फायली.
मग झोपेची फाइल:
मशीन निजताना सगळं जिच्यात लिहून ठेवतं ती.
एका ओळीची आज्ञा, आणि सहा जीबी मोकळे.
'झोपायला एवढी जागा?' त्या हसल्या,
'ह्यू तर सगळा पलंग घ्यायचा.'

यादीच्या तळाशी सापडली ती,
मागची विंडोज. तेवीस पूर्णांक सहा.
नवी आली की जुनी लगेच टाकत नाहीत,
घडी घालून एका फोल्डरात ठेवतात,
परतावंसं वाटलंच तर.
दहा दिवस.
दहाव्या दिवशी आपोआप जाते, मी सांगितलं,
आणि सांगता सांगता जीभ अडखळली.

'आत आहे काय?'
युजर्स. युजर्समध्ये ह्यू.
ह्यूच्या डेस्कटॉपवर एक्सेलची एकच फाइल,
भरती-ओहोटीची. अकरा वर्षांची.
तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा,
आणि शेवटच्या रकान्यात एखाददुसरा शब्द.
धुकं.
सील, दोन.
धुकं.
जेनेट शिंकली.
शेवटची ओळ फेब्रुवारीतली:
वेळ लिहिलेली, पुढचे रकाने कोरे.

नाना गेले तेव्हा मी इथेच होतो,
पासपोर्ट व्हिसाच्या कचेरीत अडकलेला.
दहावा पाहिला फोनवर, बसस्टॉपवर उभा राहून.
तिकडे कृष्णेचा घाट,
आतेभावाच्या हातात हलणारं चित्र.
पिंड मांडले. सगळे मागे सरले.
कावळा येईना.
हेरंब आईला बघेल, काका म्हणाले, मग फोनकडे वळून,
बोल रे, तूच बोल.
मी बोललो. मोठ्यांदा. रांगेतल्या दोघी दचकल्या.
'मी बघेन, नाना.'
आणि चित्र गोठलं. एक गोल फिरत राहिला, फिरतच राहिला.
परत आलं तेव्हा सगळे चपला शोधत होते.
शिवला का,
हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

'टाक पुसून,' मिसेस गिलक्रिस्ट म्हणाल्या.
फाइल पेनड्राइव्हवर काढून देतो, मी म्हटलं.
कशाला? मला कुठे कळते भरती.
कप विसळला. पुसला. पुन्हा विसळला.
'ती शिंकेची ओळ तेवढी दे.'

प्रिंटरने बराच वेळ घसा साफ केला,
मग अख्ख्या पानावर एक ओळ दिली.
ती फ्रिजवर गेली, चुंबकाखाली,
दाताच्या डॉक्टरच्या तारखेशेजारी.

चौकटीत खूण त्यांनीच केली.
यानंतर मागे जाता येणार नाही, मशीनने बजावलं.
'हे याला कुणी विचारलंय?' म्हणत
त्यांनी बोट दाबलं.

पट्टी हळूहळू निळी होत गेली.
खिडकीबाहेर कचऱ्याच्या डब्यावर एक सीगल,
पायाखाली चिप्सचा तेलकट कागद.
सीगल म्हणजे कावळा नव्हे, एवढं कळतं मला.
तरी बघत राहिलो,
त्याने चोच खाली नेली, वर आणली, पुन्हा खाली—

'हेरम,' त्या म्हणाल्या (शेवटचा ब त्यांना जमत नाही),
'तुझा चहा गार झाला.'