समोरची नळी

उद्यमबागेत बत्तीस वर्षं लेथवर उभा होतो,
भार एकाच पायावर.
उजवा गुडघा गेला, त्याचा हिशेब तिथंच लागतो.

डॉक्टर किणेकरांनी फोटो उजेडाला धरला.
"कुर्चा झिजलीय, लुमाण्णा. सांधा बदलायची वेळ अजून नाही.
तुमचंच रक्त काढू, फिरवू,
त्यातला कामाचा थर गुडघ्यात सोडू.
गुण येईल, नाहीतर येणारही नाही. आधीच सांगतो."
माणूस आवडला मला.
कास्टिंगात पोकळी आहे हे आधी सांगणारा
फौंड्रीवाला मी जन्मात एकच बघितला.

फॉर्म कानडीत. महादेवीनं वाचून दाखवला,
अर्धा तिच्या भाषेत, अर्धा माझ्या.
सही मी मराठीत ठोकली. कुणी काही बोललं नाही.

कोपराच्या खोलातून तिनं रक्त ओढलं,
नळी यंत्रात ठेवली,
आणि बरोब्बर समोर दुसरी, नुसत्या पाण्याची.
"ही कुणाची?"
"कुणाचीच नाही, मामा. वजनाला वजन.
नसली तर मशीन नाचतंय."
एवढं मला कळतं.
फेसप्लेटवर वाकडा जॉब चढवला
की आम्हीही समोर लोखंडाचा तुकडा बांधायचो.

"स्वल्प तडीरी," म्हणत तिनं बटण दाबलं.
मी डोळे मिटले.
त्या घुंईच्या पार तळाशी एक किरकिर होती.
"बाई, बेअरिंग जाऊलंय. खालचं."
"कंपनीचा माणूस परवाच बघून गेला की."
"बघून गेला. ऐकून नाही."

नळी बाहेर आली.
तळाला लाल गाळ, वर करडीच्या तेलासारखं पिवळं,
मधे साय, केसाएवढी.
साठ वर्षं अंगात फिरलं,
कधी असं निवळलं नव्हतं.

सुई आत गेली तेव्हा ओरडलो.
आई म्हणालो की अव्वा, महादेवीला विचारा.

तीन आठवडे झाले.
जिना दुखतो, जरा कमी,
की मीच मोजायचं सोडलंय.
काल दवाखान्यातून फोन. वाटलं, तपासणीची तारीख.
"मामा, ते बेअरिंग.
येऊन बघताय काय?"

पुलर घेतला, ग्रीसचा डबा घेतला.
यंत्र उघडं पडलं होतं, आतून लेथपेक्षा साधं.
आणि बेसिनजवळ
ती पाण्याची नळी,
धुऊन उपडी ठेवलेली.