दोनशे पावलांचं लायसन

रवळूला सोळा पुरी होऊन तीन महिने झालेत.
घर बाचीत, रताळ्याचं रान शिनोळीच्या शिवारात,
आणि मधे दोनशे पावलं डांबर.

गाडीवाटेवर त्याला तोड नाही.
ट्रॉली मागं घेताना मान कुणीकडं वळवायची,
उतारावर क्लचला पाय का लावायचा नाही,
ओल्या वाफशात कुठलं चाक आधी रुसतं,
हे मी शिकवलेलं नाही.
दहाव्या वर्षी बापाच्या मांडीवर बसून त्यानं स्टेअरिंग धरलं,
तेराव्याला पाय पोचले.
आता बाप उद्यमबागेत, फाउंड्रीच्या दुसऱ्या पाळीला.

परवाना आईनं दिलाय, तानूबाईनं, चुलीपुढं बसून:
वाटेनं चालीव, बांधानं चालीव,
डांबर आलं की उतर.
दिवा लागायच्या आत घरात.
मागं पोरं बसवलीस तर चावी विहिरीत.
मोबाईल इथं, फडताळावर.
ना फोटो, ना शिक्का.
सरकारनं असलं काही काढलं असतं
तरी एवढं कडक काढलं नसतं.

आणि डांबर आलं की मी.

मी मोनाप्पा बिर्जे. वय एकाहत्तर.
तीस वर्षं आंबोली उतरून म्हापशाला भाजी नेली,
एक कोबी खाली पडू दिला नाही.
लायसन खिशात आहे, फोटोतले केस काळे आहेत.
मागच्या खेपेला डॉक्टरानं दाखला दिला,
पैसे मोजून बघितले, डोळे नाही.

घरापासून मी मडगार्डवर बसून येतो.
कडेला रवळू गाडी न्यूट्रल करतो, उतरतो,
मी सीटवर, तो माझ्या जागी.
मग कायद्याप्रमाणं मी चालवतो
आणि तो सांगतो:
"आजा, जरा डावीकडं. हां. कुत्रं हाय, थांब.
गेलं. आता सोड.
यष्टी यायलालीय, घाई करू नको, येऊ दे तिला."

ह्या दोनशे पावलांत एक राज्य संपतं, दुसरं लागतं.
पाट्यांवरची अक्षरं बदलतात म्हणे.
मला दोन्हीकडची सारखीच धुरकट.

परवा नाक्यावर शिट्टी वाजली.
मी गाडी थांबवली, हात जोडले,
"नमस्कार साहेब" म्हटलो.
रवळू हळूच: "आजा, तो खांब हाय. साहेब हिकडं."
साहेबानं लायसन घेतलं, उलटंपालटं केलं,
पोराला कन्नडात विचारलं, म्हाताऱ्याला दिसतं काय?
रवळू त्याच भाषेत, पापणी न हलवता:
माझ्यापरीस लांबचं दिसतं त्यास्नी.
साहेब थोडा वेळ गप्प राहिला.
ट्रॉलीतलं एक रताळं उचललं, माती झाडली,
परत ठेवलं.
"होग्री," म्हणाला.

पलीकडं पोचलो तर माझे गुडघे लटपटत होते.
म्हटलो, रवळ्या, आज तू खोटं बोललास.
तो म्हणाला, "खरं काय सांगू? तू सांग की."
मला काही सुचलं नाही.
लायसन माझं, डोळे त्याचे, गाडी त्याच्या बापाची,
आणि अपघात झाला असता तर तो कुणाचा,
हे मी त्या रात्री अंथरुणावर बसून
बराच वेळ मोजत होतो.

सकाळी तानूबाईला सांगितलं: पोरी, दुसरा कुणीतरी बघ.
ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.
"बघते," म्हणाली.
जयवंताला विचारलंय. तो ऐतवारपासून येतो म्हणालाय.

आज शनिवार.
रताळी भरून झालीत, ऊन कलायला लागलंय.
डांबराच्या कडेला रवळूनं गाडी थांबवली,
उतरला,
आणि शर्टाच्या बाहीनं सीट पुसली,
रोज पुसतो तशीच,
पुढनं मागं,
मग कडा.