पवित्रा

ग्रिम्सबीत वारा कधी सुटीवर जात नाही.
गोदीकडून येतो, मासळीचा वास खिशात घालून,
आणि ट्रेव्हरच्या गॅरेजचं पत्र्याचं दार
थोबाडीत खाल्ल्यासारखं वाजत राहतं.

गाडी लाल, दोन दारांची, अकरा वर्षांची.
घेतली तेव्हाच दिसलं होतं ती उभी कशी राहते:
ओढा ओलांडताना परकर वर धरलेल्या बाईसारखी.
मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये
माझी चार बोटं आडवी जात. वर अंगठाही.

चाकं बदल, सगळ्यांचा पहिला सल्ला.
एकोणीस इंची घे, काळी, चकचकीत.
मी म्हटलं, चाकं हीच.
कारखान्यातून तिच्याबरोबर आलेली, पाच आऱ्यांची,
मागच्या डाव्या चाकावर फुटपाथचा ओरखडा,
तो मी काढलाय.
रात्रपाळी संपली होती, मिरजेहून आलेला भावाचा फोन
नुकताच ठेवला होता, आणि वळण आलं.
ट्रेव्हरनं विचारलं नाही. चहा पुढे केला,
ढवळायला स्क्रूड्रायव्हर.

नलवडे बाई शिट्टी दातांत धरूनच बोलायच्या.
"पाय तेच ठेव गं, अंतर बदल!
कंबर खाली. अजून. एसटीची वाट बघतेस का?"
आणि चपलेच्या टोकानं मातीत दोन रेघा ओढायच्या,
एक इथं, एक इथं.
तेवढ्यानं बुटकी प्रमिलासुद्धा
कोपऱ्यात उभी राहिली की
चढाईला आलेली पोरगी आधी तिच्याकडे बघायची.

पुढं बारा मिलिमीटर, मागं पंधरा.
स्पेसर म्हणजे ॲल्युमिनियमची भाकरी,
हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी.
हबवरचा गंज ट्रेव्हर तारेच्या ब्रशनं खरवडत राहिला,
माझा चहा गार झाला तरी.
"कणभर राहिला तर साठच्या पुढं स्टिअरिंग थरथरेल."
बोल्ट नवे, तेवढ्याच मापानं लांब.
स्प्रिंगा पंचवीसनं खाली बसवणाऱ्या.
पाना टक म्हणाला की थांबायचं,
मग शेजारचा नाही, समोरचा.

विमा कंपनीची मुलगी फोनवर:
नेमका काय बदल केलाय, मॅडम?
इंजिन? नाही. ब्रेक? नाही. चाकं? तीच.
मग?
मला पवित्रा इंग्रजीत म्हणता येईना.
म्हटलं, ती आता नीट उभी राहते.
टायपिंग थांबलं.
वर्षाला एकेचाळीस पौंड जास्त.

दिवसभर मी माणसांना उभंच तर करते.
गुडघ्याचा एक्स-रे उभ्यानं काढायचा असतो,
आडवं पडलं की सांधा खोटं बोलतो.
भार आला की खरी फट दिसते.
हलू नका, म्हणते मी, आणि भिंतीआड जाते.

जॅक सुटला.
गाडी खाली आली,
थांबली असं वाटलं, मग अजून थोडी खाली आली.
बोटं घातली. दोन. तिसरं अडलं.
ट्रेव्हर दहा पावलं मागं गेला, मान वाकडी करून
कितीतरी वेळ बघत राहिला.
"बरी आहे," म्हणाला.
या गावात याहून मोठं बक्षीस मिळत नाही.
"पन्नास मैल झाले की ये, बोल्ट परत आवळू."

ओरखडा आता पंधरा मिलिमीटर बाहेर आलाय.
आधी कमानीच्या सावलीत असायचा,
आता सकाळचं ऊन थेट त्याच्यावर.

हॉस्पिटलच्या फाटकात एक उंचवटा आहे.
इतकी वर्षं तो होता हेच मला माहीत नव्हतं.
परवा पोट घासलं, पहारेकऱ्यानं डोळे मिटले.
आता तिरकी घेते: एक चाक, मग दुसरं,
दम न सोडता, ओठांत कबड्डी कबड्डी,
मागं लाँड्रीची व्हॅन खोळंबलेली,
आणि पलीकडे उतरेपर्यंत
कुणी हॉर्न वाजवला तरी मी बाद नाही.